झोपलेली आगगाडी आणि वहिवाटीचा प्रश्न



मागच्या व्याख्यानात आपण जॉन लॉकचा मालकीविषयीचा सिद्धान्त पाहिला. माणूस जमिनीत आपले श्रम मिसळतो आणि त्यामुळे ती जमीन त्याची होते, असा त्याचा युक्तिवाद. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यानं विचारलं, "सर, शेताचं समजलं. पण वाटेचं काय? वाटेवर हजारो लोकांची पावलं पडलेली असतात. मग ती कोणाची?" प्रश्न तसा साधा होता, पण त्यानं आठवडाभर आमची पाठ सोडली नाही. आज त्याच प्रश्नाकडे जाऊ या, आणि तेही एका प्रत्यक्ष वाटेवरून.

ही वाट अमेरिकेत, पेनसिल्वेनिया राज्याच्या उत्तर भागात आहे. तिचं नाव पाइन क्रीक रेल ट्रेल. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता मुलीकडे मुक्कामाला होतो, तेव्हा ही वाट आम्ही दोनदा पाहिली. एकदा ऑक्टोबरात, भाड्याच्या सायकलींवर. दुसऱ्यांदा फेब्रुवारीत, बर्फात. 'रेल ट्रेल' म्हणजे काय, ते आधी सांगतो. एखादा रेल्वेमार्ग बंद पडतो, रूळ आणि स्लीपर उचलले जातात, आणि खाली उरलेल्या सपाट पट्ट्यावर बारीक खडी दाबून लोकांना चालायला, सायकल चालवायला वाट करून देतात. ही वाट वेल्सबरो जंक्शनपासून जर्सी शोअर नावाच्या गावापर्यंत जाते. लांबी ६२ मैल, म्हणजे साधारण १०० किलोमीटर. नाव जर्सी शोअर असलं तरी तिथं समुद्र नाही, आणि न्यू जर्सी राज्यही नाही. तिथं पाइन क्रीक ही नदी सस्क्वेहॅना नदीच्या पश्चिम फाट्याला मिळते, एवढंच.

आता सत्तरी ओलांडलेली दोन माणसं डोंगराळ मुलखात सायकल कशी चालवू शकली? याचं श्रेय आम्हाला नाही, आगगाडीला आहे. लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावरून फार कमी घर्षणानं फिरतं. म्हणून एक इंजिन शेकडो टन ओढतं. पण त्याच कारणानं त्याला चढ सोसत नाही, चाकं जागच्या जागी घसरतात. आपल्या कर्जत-खंडाळ्याच्या घाटात चढ १:३७ आहे, तर तिथं गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात. त्यामुळे रेल्वेचे इंजिनिअर डोंगर दिसला की नदीचा काठ धरतात. नदीनं आधीच सर्वांत सौम्य उतार शोधून ठेवलेला असतो. पाइन क्रीकच्या या वाटेवर चढ कुठंही शेकडा दोनच्या वर जात नाही, बहुतेक ठिकाणी तर तो जाणवतही नाही. यंत्राची जी अडचण होती, ती आमच्या गुडघ्यांची सोय झाली.

पण त्या नदीनं तरी तो उतार कसा शोधला? ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पाइन क्रीकचं वरच्या अंगाचं पाणी पूर्वी ईशान्येकडे वाहत असे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुगातल्या बर्फाच्या थरानं आणि त्यानं ढकलत आणलेल्या दगडमातीनं ही वाट बुजवली. पाणी तुंबलं, त्याचं सरोवर झालं, आणि शेवटी ते दक्षिणेच्या कडेवरून उलटं वाहू लागलं. त्या लोंढ्यानं डोंगर कापला. आज जी दरी दिसते ती सुमारे ७५ किलोमीटर लांब आहे आणि सर्वांत खोल जागी ४४० मीटर खोल. तिकडचे लोक तिला कौतुकानं 'पेनसिल्वेनियाची ग्रँड कॅन्यन' म्हणतात. १९६८ मध्ये तिला राष्ट्रीय नैसर्गिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. म्हणजे बघा, ज्या नदीच्या भरवशावर रेल्वे आली, त्या नदीची वाटसुद्धा मूळची नव्हती. जुनी वाट अडली म्हणून तिनं ती दुसऱ्या बाजूनं काढली.

आता माणसांकडे येऊ. ही जमीन कोणाची, हा वाद तिथं रेल्वेच्या शंभर वर्षं आधीपासून आहे. १७६८ साली फोर्ट स्टॅनविक्स इथं इंग्रज आणि इरोक्वॉय राष्ट्रसंघ यांच्यात तह झाला. इरोक्वॉय लोकांनी काही प्रदेश सोडला. त्याची सीमा ठरली 'टायाडॉटन' नावाचा ओढा. पण टायाडॉटन म्हणजे कुठला ओढा? सरकारनं मानलं की तो पूर्वेकडचा लायकमिंग. वसाहतवाल्यांनी मानलं की तो पश्चिमेकडचा पाइन क्रीक. मधल्या पट्ट्यात लोक घुसले, घरं बांधली. सरकारी कायदा तिथं लागू नाही, म्हणून त्यांनी आपसातच तीन पंच निवडायचे आणि तंटे सोडवायचे अशी रीत पाडली. त्या पंचांना 'फेअर प्ले मेन' म्हणत. १७८४ मध्ये दुसरा तह झाला आणि मग हा प्रदेश रीतसर राज्याकडे आला. लॉकच्या हिशेबानं त्या घुसखोरांनी जमिनीत श्रम मिसळले होते. पण ज्यांच्या कित्येक पिढ्या त्या ओढ्यावर शिकार आणि मासेमारी करत होत्या, त्यांचे श्रम कुठल्या वहीत मांडायचे? हा प्रश्न मनात ठेवा, पुढे लागेल. आज त्या वाटेवरच्या एका थांब्याचं नाव टायाडॉटन आहे. सायकल टेकवून आम्ही तिथं पाणी प्यायलो, तेव्हा ही सगळी भानगड आम्हाला ठाऊक नव्हती.

त्यानंतर आली लाकूडतोड. त्या डोंगरांवर व्हाइट पाइन आणि हेमलॉकचं दाट अरण्य होतं. (तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी खुलासा: सॉक्रेटिसला दिलेलं हेमलॉक ते हे नव्हे. ते एक विषारी झुडूप. हा उंच, निरुपद्रवी वृक्ष आहे, आज तो पेनसिल्वेनियाचा राज्यवृक्ष आहे.) आधी पाइन तोडले, वसंतातल्या पुरात ओंडके नदीतून सोडून खाली विल्यम्सपोर्टला नेले. हेमलॉकची साल कातडी कमावायला लागते, म्हणून मग तेही गेले. १८८३ मध्ये या दरीतून रेल्वे धावू लागली. तिचं नाव 'जर्सी शोअर, पाइन क्रीक अँड बफेलो रेल्वे'. गाडीला पुराची वाट पाहावी लागत नाही. तोड वाढली. विसावं शतक उजाडून थोडी वर्षं होतात न होतात तोच डोंगर बोडके झाले. मागे राहिलेल्या वाळक्या फांद्यांना वणवे लागले, उतारावरची माती खाली आली.

मग दुसऱ्या दिशेनंही काही घडलं. १९२२ मध्ये लिओनार्ड हॅरिसन या वेल्सबरोच्या लाकूड-व्यावसायिकानं दरीच्या पूर्व कड्यावरची १२१ एकर जमीन राज्याला देऊन टाकली. १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारनं बेकार तरुणांच्या तुकड्या उभ्या केल्या, त्यांनी या भागात झाडं लावली, पायवाटा बांधल्या. आज तिथं उभं राहिलं तर वाटतं, हे अरण्य आदिकालापासून असंच असेल. प्रत्यक्षात ते आमच्यापेक्षा फार मोठं नाही. आमच्या वडिलांच्या वयाचं म्हणा.

जंगल संपलं तरी रेल्वे चालू राहिली, कारण कोळसा होता, इतर माल होता. पण रस्ते झाले, ट्रक आले. हे साऱ्या अमेरिकेत झालं. १९२० च्या सुमारास त्या देशात २ लाख ७२ हजार मैल रेल्वेमार्ग होते, १९९० पर्यंत वापरात उरले सुमारे १ लाख ४१ हजार. पाइन क्रीकच्या दरीतली शेवटची मालगाडी १९८८ मध्ये गेली. १९९६ मध्ये ट्रेलचा पहिला टप्पा लोकांसाठी खुला झाला, आणि पुढे टप्प्याटप्प्यानं ती पूर्ण झाली.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता तिच्यातला काटा बघू. त्यासाठी आम्ही पाइन क्रीक थोडा वेळ सोडतो, कारण हा प्रश्न तिथल्यापुरता नाही, असल्या सगळ्याच वाटांचा आहे.

रेल्वे कंपन्यांनी जमीन कशी मिळवली होती? काही ठिकाणी सरळ विकत घेतली. पण पुष्कळ ठिकाणी त्यांना जमीन मिळालीच नाही, मिळाला फक्त जाण्याचा हक्क. इंग्रजी कायद्यातल्या या हक्कासाठी आपल्याकडे अस्सल शब्द आहे, वहिवाट. शेजाऱ्याच्या बांधावरून तुमच्या शेतात जाण्याची वहिवाट असते. बांध त्याचा, जाणं तुमचं. त्यानं उद्या काटेरी कुंपण घातलं, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तुम्ही तहसीलदाराकडे जाऊ शकता. पण लक्षात घ्या, वहिवाट ही एका कामासाठी असते. बैलगाडी नेण्याची वहिवाट आहे म्हणून तुम्ही त्या बांधावर टपरी टाकू शकत नाही. आणि काम कायमचं संपलं, तर बांध पुन्हा पूर्णपणे शेजाऱ्याचा.

मग रेल्वे बंद पडली, रूळ उचलले, तर तो पट्टा कोणाचा? वहिवाटीच्या न्यायानं शेतमालकाचा. आणि शंभर मैलांच्या मार्गावर असे दोनशे मालक असतील, तर तो मार्ग दोनशे तुकड्यांत परत जाणार. एकदा तुटलेला सलग पट्टा पुन्हा जुळवणं जवळपास अशक्य. म्हणून अमेरिकेच्या संसदेनं १९८३ मध्ये एक तोड काढली. कायदा म्हणाला: एखादी संस्था या मार्गाची जबाबदारी घेत असेल, त्याचे कर भरत असेल, आणि उद्या रेल्वेला गरज पडली तर तो परत द्यायला तयार असेल, तर रेल्वे 'बंद पडली' असं मानायचं नाही. ती तूर्त थांबली आहे असं मानायचं. मधल्या काळात लोकांनी त्यावरून सायकली चालवाव्यात. या योजनेला तिकडे 'रेलबँकिंग' म्हणतात. रेल्वे जणू बँकेत ठेव म्हणून ठेवली. आम्ही तिला 'झोपलेली आगगाडी' म्हणतो.

मित्रहो, इथं आम्हाला आमच्या विद्यार्थिदशेतला न्यायशास्त्राचा तास आठवला. नैयायिक 'नसणं' हासुद्धा एक पदार्थ मानतात आणि त्याचे प्रकार करतात. घडा घडायच्या आधी तो नसतो, तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, शेवट आहे. घडा फुटल्यावर तो नसतो, तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही, कारण तोच घडा पुन्हा येत नाही. पण समजा घडा फुटलेला नाही, नुसता जमिनीवरून उचलून माडीवर ठेवला आहे. या जमिनीवर तो आत्ता नाही, उद्या येईल. या 'नसण्याला' सुरुवातही आहे आणि शेवटही. काही नैयायिकांनी त्याला सामयिकाभाव असं वेगळं नाव दिलं.

आता न्यायालयातला वाद त्यांच्या भाषेत मांडून बघा. शेतमालक म्हणतो, रूळ गेले, हा प्रध्वंसाभाव. घडा फुटला, माझी जमीन मला द्या. सरकार म्हणतं, नाही, हा सामयिकाभाव. घडा माडीवर आहे. खरं कोणाचं? रूळ उचललेल्या रित्या पट्ट्याकडे कितीही निरखून पाहिलं, तरी ते डोळ्यांना दिसणार नाही. दोन्ही अभाव सारखेच दिसतात. फरक भविष्यकाळात आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर यातल्या बहुतेक मार्गांवर गाडी परत येण्याची शक्यता फार थोडी. काही ठिकाणी रूळ परत आले आहेत, पण ती उदाहरणं मोजकीच.

मग हा कायदा खोटं बोलतो का? हा प्रश्न खरोखरच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. व्हर्माँट राज्यात, बर्लिंग्टन शहरात, शॅम्प्लेन सरोवराच्या काठी एका कुटुंबाच्या जमिनीवरून जुना रेल्वेमार्ग जात होता. त्यावरचे रूळ १९७५ मध्येच निघाले होते. तिथं ट्रेल झाली, कुटुंबानं दावा लावला. हा प्रेसॉल्ट खटला. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला: कायदा वैध आहे. भविष्यातल्या रेल्वेसाठी मार्ग राखून ठेवणं हा संसदेचा वाजवी हेतू आहे. पण त्याच निकालात एक दार उघडं ठेवलं: यामुळे कुणाची मालमत्ता गेली असेल, तर त्यानं सरकारकडे भरपाई मागावी. आणि १९९६ मध्ये दुसऱ्या न्यायालयानं त्या कुटुंबाच्या बाबतीत सांगितलं, होय, मालमत्ता गेली आहे, सरकारनं भरपाई द्यावी. वहिवाट रेल्वेसाठी होती. सायकलींसाठी नव्हती.

याच्या उलट बाजूचा एक निकाल २०१४ चा. वायोमिंग राज्यातला ब्रँट खटला. तिथं रेल्वे या 'बँके'त ठेवली नव्हती, ती रीतसर कायमची बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयानं ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की वहिवाट संपली, पट्टा जमीनमालकाचा. म्हणजे घडा फुटला हे एकदा मान्य केल्यावर तो माडीवर आहे असं म्हणता येणार नाही.

आम्हाला हे दोन्ही निकाल एकत्र वाचावेसे वाटतात. शंकराचार्यांच्या परंपरेत व्यावहारिक सत्य अशी एक कोटी आहे. पारमार्थिक दृष्टीनं ते अखेरचं सत्य नसेल, पण जगण्याचा व्यवहार त्यावर चालतो आणि त्याचे परिणाम खरे असतात. आता आचार्य ते विश्वाबद्दल बोलत होते, पेनसिल्वेनियाच्या रेल्वेबद्दल नव्हे, याची आम्हाला कल्पना आहे. तरी शब्द उसना घेतो. 'झोपलेली आगगाडी' हे व्यावहारिक सत्य आहे. ते चालवून घ्यायला आमची हरकत नाही. अट एकच. त्या व्यवहाराची किंमत ज्याला त्या वाटेचा लाभ होतो त्या समाजानं मोजायची, एकट्या शेतमालकाच्या खात्यावर टाकायची नाही. लाभ सगळ्यांचा आणि तोटा एकाचा, अशा ठिकाणी 'सार्वजनिक हित' हा शब्द फसवा होतो. भरपाई दिली की तोच शब्द पुन्हा वापरता येतो.

आणि इथं टायाडॉटनचा प्रश्न परत येतो. शेतमालकाला न्यायालय सापडलं, भरपाई मागता आली. तसं इरोक्वॉय लोकांना सापडलं नाही. ज्या वाटेवर आम्ही आनंदानं सायकल चालवली, तिची ही जुनी थकबाकी आहे. ती तहाच्या कागदावर भागली असं दिसतं. हिशेबात ती भागलेली नाही.

आता आमच्या फेब्रुवारीच्या फेरीबद्दल सांगून आटोपतो, कारण श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तिथं मिळालं.

हिवाळ्यात या वाटेवर बर्फ साचतं आणि लोक क्रॉस-कंट्री स्कीइंग करतात. सिनेमात दिसतं तसं डोंगरावरून सुसाट खाली येणं ते हे नव्हे. ही सपाटीवरची चाल आहे. बुटाचा फक्त पुढचा भाग पट्टीला जोडलेला असतो, टाच मोकळी. गंमत त्या पट्टीत आहे. ती मधोमध किंचित कमानीसारखी उचललेली असते, आणि त्या मधल्या भागाखाली मेण लावतात किंवा माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असते. एका पायावर पूर्ण भार दिला की कमान दबते, खवले बर्फाला धरतात, आणि तुम्ही मागे रेटा देऊ शकता. भार हलका केला की कमान उचलते आणि पट्टी घसरत पुढे जाते. धरायचं, सोडायचं. धरायचं, सोडायचं. आम्हाला हे समजायला तासभर लागला आणि त्यात चार वेळा आडवे झालो. सौभाग्यवती दोनदाच पडल्या, ही नोंद त्यांच्या आग्रहावरून.

त्या दिवशी वाट ओळखूच येत नव्हती. नदी काठाला गोठलेली, खडी बर्फाखाली, दोन्ही बाजूंना हेमलॉक पांढरे झालेले. वाट कुठं संपते आणि उतार कुठं सुरू होतो, ते नवख्याला कळणं कठीण. पण आमच्या आधी कुणीतरी पहाटे येऊन गेलं होतं. बर्फात दोन समांतर चरे होते, लांबवर, वळणापलीकडे गेलेले. क्षणभर वाटलं, रूळच परत आले. आम्ही त्या चऱ्यांत पट्ट्या ठेवल्या आणि निघालो. जाताना ते थोडे खोल झाले असतील. आमच्या मागून येणाऱ्यांना तेवढं सोपं गेलं असेल.

तर आमचं उत्तर असं. शेत हे कसणाऱ्याचं म्हणता येईल, कारण त्याच्या श्रमाचं पीक तो घरी नेतो. वाटेवरून चालणाऱ्याच्या श्रमाचं पीक मागून येणारा नेतो. म्हणून वाटेवर मालकी शोभत नाही, विश्वस्ताची भूमिका शोभते. विश्वस्ताला दोन गोष्टी कराव्या लागतात. वाट चालती ठेवावी लागते, कारण न वापरलेली वहिवाट मरते. आणि ती कोणाच्या बांधावरून जाते हे विसरून चालत नाही.

आज एवढंच. पुढच्या वेळी याच धाग्यावरून पाण्याकडे जाऊ. नदी अडवणाऱ्याची की वाहू देणाऱ्याची, असा प्रश्न घेऊ. प्रश्न मात्र आधी पाठवा. मागच्या प्रश्नानं आम्हाला आठवडाभर कामाला लावलं, त्याबद्दल त्या श्रोत्याचे आभार.

नमस्कार.